फिलिपिन्समधील मिशनरी सेवेत नाताळ कसा काढावा : सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंतची तयारी

लोकांच्या तोंडी 'मॉर्मन' या नावाने रुळलेल्या, पण २०१८ पासून आपले पूर्ण नावच वापरावे असा आग्रह धरणाऱ्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या चर्चचे तरुण मिशनरी २४ महिने आणि तरुणी १८ महिने सेवा करतात. त्यामुळे तरुणीच्या वाट्याला किमान एक आणि तरुणाच्या वाट्याला दोन नाताळ घरापासून दूर येतात. माझे दोन्ही नाताळ फिलिपिन्समध्ये, लुझोन बेटाच्या दक्षिण भागात गेले. पहिला मी जेमतेम निभावला आणि दुसरा मनापासून जगलो. या दोहोंत फरक पडला तो श्रद्धेच्या कमीजास्तपणामुळे नव्हे, तयारीमुळे. म्हणून फिलिपिन्सला निघालेल्या मराठी तरुण-तरुणींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही माहिती सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. घरची आठवण डिसेंबरभर सारखी छळत नाही, ती ठरावीक वेळी येते. २४ डिसेंबरला संध्याकाळी सात वाजल्यानंतर ट्रायसिकली (प्रवाशांसाठी बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकली) रस्त्यावरून नाहीशा होतात, प्रत्येक घरात दिवे लागतात, आणि तुम्ही व तुमचा कंपॅनियन, म्हणजे जोडीचा मिशनरी, दोघेच खोलीवर असता, ती पहिली वेळ. २५ तारखेच्या दुपारी रात्रभर जागलेला सगळा गाव झोपलेला असतो, ती दुसरी. ३१ डिसेंबरची रात्र ही तिसरी. बाकीचे दिवस कामात निघून जातात. तयारी करायची ती मुख्यतः या तीन वेळांची.

तिथला नाताळ आधी समजून घ्यावा

इंग्रजी नावाच्या शेवटी 'बर' येणाऱ्या चार महिन्यांना तिथे 'बर मंथ्स' म्हणतात, आणि १ सप्टेंबर उजाडला की दुकानांतून नाताळची गाणी वाजू लागतात. आपल्याकडे त्या सुमारास गणपतीची धामधूम असते, त्यामुळे पहिल्या वर्षी हे फार चमत्कारिक वाटते. पुढे दिवाळी येते तेव्हा तिथे घरोघरी चांदण्यांचे कंदील लागलेले असतात आणि दिवाळी मात्र कोणालाच ठाऊक नसते. मराठी मिशनरीला घरची पहिली मोठी आठवण डिसेंबरात नव्हे, तर याच दिवसांत येते. ती येणार आहे हे माहीत असले, तरी भार बराच हलका होतो.

१६ ते २४ डिसेंबर अशा नऊ दिवशी पहाटे कॅथलिक चर्चमध्ये 'सिंबांग गाबी' नावाची प्रार्थना असते. तिची वेळ पहाटे तीन-चारच्या सुमारास असते आणि घंटा व ध्वनिवर्धक त्याआधीपासूनच सुरू होतात. तुमची खोली चर्चजवळ असेल तर कानात घालायचे बोळे नोव्हेंबरातच घेऊन ठेवावेत, कारण साडेसहाला उठण्याचा आपला नियम त्या नऊ दिवसांतही सुटत नाही. नऊही पहाटे हजेरी लावली तर मनातली इच्छा पुरी होते असे तिथले लोक मानतात, आणि म्हाताऱ्या बायकाही अंधारात चालत जातात. या श्रद्धेवर टीका करण्याचा मोह कधीही होऊ देऊ नये. २०२० च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत, आणि जो देश चार महिने ख्रिस्ताचा जन्म साजरा करतो, त्याला तो जन्म कसा साजरा करावा हे शिकवायला आपण गेलेलो नसतो. शेजाऱ्यांनी त्या प्रार्थनेला बोलावले, तर जाण्याआधी मिशन प्रेसिडेंटांना, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांच्या प्रमुखांना, विचारावे आणि ते सांगतील तसे करावे.

याउलट सगळेच लोक नाताळ पाळतात असेही समजू नये. 'इग्लेसिया नि क्रिस्तो' या तिथल्या मोठ्या चर्चचे सभासद नाताळ साजरा करत नाहीत, यहोवाज विटनेसही करत नाहीत, आणि मिंडानाओ बेटावर मुस्लिम वस्ती बरीच आहे. ओळख नसलेल्या घरात शिरताशिरता 'मालिगायांग पास्को' म्हणून नाताळच्या शुभेच्छा देण्याआधी दाराशी कंदील आहे की नाही, एवढे पाहावे.

आपल्या चर्चबद्दलची एक गोष्ट नव्या मिशनरीला, विशेषतः ख्रिस्ती शेजारात वाढलेल्याला, हमखास चकित करते. २५ डिसेंबर रविवारी आला नाही, तर त्या दिवशी आपल्या चर्चमध्ये उपासना नसते, आणि २४ तारखेला मध्यरात्रीची प्रार्थनाही नसते. वॉर्डचा, म्हणजे स्थानिक मंडळीचा, नाताळ महिन्याच्या मध्याला, चॅपलच्या बास्केटबॉल कोर्टवर जेवण, खेळ आणि नाचगाण्यांनी होऊन जातो. सॉल्ट लेक सिटीतून प्रसारित होणारा प्रथम अध्यक्षमंडळाचा, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च नेत्यांचा, नाताळ कार्यक्रम डिसेंबरच्या सुरुवातीच्या एका रविवारी संध्याकाळी असतो, तेव्हा फिलिपिन्समध्ये सोमवारची सकाळ, म्हणजे बहुतेक मिशनांत पी-डे (आठवड्यातला खासगी कामांचा मोकळा दिवस) असतो. म्हणजे २४ आणि २५ हे दोन दिवस चर्चच्या कार्यक्रमांच्या दृष्टीने जवळजवळ मोकळे राहतात आणि ते आपणच भरायचे असतात.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : घरून येणारे पार्सल

आई-वडिलांनी पार्सल ऑक्टोबरच्या मध्याला, आणि अगदी उशीर झालाच तर दिवाळी संपताच पाठवावे. डिसेंबरात परदेशी कामाला गेलेल्या फिलिपिनो लोकांच्या खोक्यांचा पूर लोटतो आणि टपाल अडकते. पत्ता खोलीचा न देता मिशन कार्यालयाचा द्यावा, कारण साधारण दर सहा आठवड्यांनी बदल्या होतात आणि खोलीवर पोचलेले पार्सल दुसऱ्याच्या हाती पडते. आत काय आहे ते सीमाशुल्काच्या कागदावर नेमके लिहावे. १०,००० पेसोपर्यंतच्या मालावर तिथे आयातशुल्क नाही, म्हणून किंमत खरी आणि बेताची असू द्यावी.

फराळ पाठवायचा असेल तर शंकरपाळे आणि तिखटमिठाच्या पुऱ्या टिकतात. चकली चुरा होऊन पोचते, आणि तुपातल्या लाडवांना दमट हवेत वास लागतो. खवा किंवा दुधाचे पदार्थ पाठवूच नयेत. खरे सांगायचे तर खाऊपेक्षा पत्र मोलाचे ठरते. घरातल्या प्रत्येकाने हाताने एकेक पत्र लिहावे, सगळी पत्रे एका मोठ्या पाकिटात बंद करावी आणि वर 'हे २४ डिसेंबरला रात्री आठ वाजता उघडावे' असे ठळक अक्षरांत लिहावे. ज्या वेळी मन सर्वात एकटे पडते, नेमक्या त्या वेळेसाठी ही योजना आहे. पहिल्या वर्षी माझ्याकडे ती नव्हती. दुसऱ्या वर्षी आजीचे चार ओळींचे पत्र त्या पाकिटात निघाले आणि ती संध्याकाळ सावरली.

माझ्यासारखा मिशनरी घरातला पहिलाच सभासद असेल, तर आई-वडिलांच्या लेखी नाताळ हा सणच नसतो, आणि '२५ तारखेला मुलाला वाईट का वाटेल?' असे त्यांना प्रामाणिकपणे वाटते. त्यांना सप्टेंबरातच समजावून सांगावे की, भोवतालचा सगळा देश आपापल्या घरी परतत असताना आपण परतू शकत नाही याचेच दुःख असते, मग सण कोणता का असेना. दिवाळीत गावाकडच्या बसला उभे राहायला जागा नसते, आणि त्या गर्दीत आपल्याला कुठेच जायचे नसते तेव्हा जसे वाटेल, तसे ते असते. असे सांगितल्यावर त्यांना लगेच कळते.

कंदील स्वतः करावा

नोव्हेंबरातल्या एखाद्या पी-डेला 'पारोल', म्हणजे तिथला चांदणीचा कंदील, करायला घ्यावा. खोलीत दिवा लागतो, कंपॅनियनशी बोलणे होते आणि शेजारची मुले दाराशी जमतात, अशी तिहेरी सोय त्यात आहे. आकाशकंदील केलेल्या मराठी हातांना हे काम परके वाटत नाही. सारख्या लांबीच्या बांबूच्या दहा काड्या घ्याव्यात. पाच काड्या एकमेकींत गुंफून एक पंचकोनी चांदणी बांधावी आणि उरलेल्या पाचांची तशीच दुसरी. दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून त्यांची पाचही टोके दोऱ्याने किंवा तारेने घट्ट आवळावीत. मग आतल्या पाच कोनांत बोटभर लांबीचे पाच तुकडे आडवे खोचावेत, म्हणजे दोन चांदण्यांचे पोट फुगते आणि कंदिलाला जाडी येते. वरून 'पापेल दे हापोन' नावाचा पातळ रंगीत कागद खळीने चिकटवावा आणि खालच्या दोन टोकांना कागदी झुरमुळ्या लावाव्यात. आत मेणबत्ती न ठेवता छोटा विजेचा दिवाच ठेवावा.

या कंदिलाचा धडा शिकवतानाही उपयोग होतो, आणि हे मला दुसऱ्या वर्षी उशिरा सुचले. लूकच्या दुसऱ्या अध्यायातली जन्मकथा तिथल्या प्रत्येकाला पाठ असते. ती पुन्हा वाचून झाल्यावर, 'तुमच्या दारातली ही चांदणी समुद्रापलीकडच्या लोकांनाही दिसली होती' असे म्हणून मॉर्मनच्या ग्रंथाकडे, म्हणजे प्राचीन अमेरिकेतल्या लोकांची कथा सांगणाऱ्या आपल्या चर्चच्या धर्मग्रंथाकडे, वळता येते. हेलमनच्या चौदाव्या अध्यायात त्या ग्रंथातल्या लामानी लोकांपैकी शमुवेल नावाचा संदेष्टा नगराच्या तटावर उभा राहून सांगतो की, पाच वर्षांनी एक रात्र अंधाराशिवाय जाईल आणि नवा तारा उगवेल, आणि तिसऱ्या नफीच्या पहिल्या अध्यायात तसे घडते. ज्याच्या डोक्यावर पारोल लटकतो आहे, त्याला ही गोष्ट लांबण लावून समजवावी लागत नाही.

डिसेंबरातले काम

१५ डिसेंबरनंतर ठरलेल्या शिकवणुकी रद्द होऊ लागतात. कायद्याप्रमाणे तेराव्या महिन्याचा, म्हणजे वर्षाअखेरचा जादा, पगार २४ डिसेंबरच्या आत मिळावा लागतो, त्यामुळे बाजार ओसंडून वाहतात, शहरातली माणसे प्रांतात आपल्या गावी निघतात आणि बसस्थानकांवर रांगा लागतात. रद्द झालेल्या भेटींबद्दल कंपॅनियनवर किंवा स्वतःवर चिडू नये. या काळात पाऊण तासाचा धडा टाळून दहा-पंधरा मिनिटांची भेट घ्यावी, म्हणजे एक उतारा, एक प्रार्थना आणि घरात काही काम असेल तर हातभार. पाणी वाहून आणणे, भांडी घासणे, कागद कापून देणे यांतले काहीही चालते. चर्चची 'लाइट द वर्ल्ड' ही मोहीम २०१६ पासून डिसेंबरात चालते, आणि २०१८ मध्ये दानयंत्रे (पैसे भरून गरजूंसाठी वस्तू दान करण्याची यंत्रे) ठेवलेल्या मोजक्या शहरांत मनिलाही होते. पण छोट्या गावातल्या मिशनरीची मोहीम म्हणजे बादल्या उचलणे, आणि तिला मी कमी लेखत नाही.

याच दिवसांत एक यादी करावी. २४ तारखेला तुमच्या भागात एकटे कोण असेल ते शोधून लिहावे : मुले परदेशी असलेली आजी, रात्रपाळीचा पहारेकरी, नुकतीच विधवा झालेली बाई, इस्पितळात नातेवाइकाजवळ बसलेले कोणी. बिशप किंवा ब्रँच प्रेसिडेंट, म्हणजे मंडळीचे प्रमुख, आणि रिलीफ सोसायटी या चर्चच्या महिला संघटनेच्या भगिनी यांना विचारले की पाच-सहा नावे सहज मिळतात. यादी २० तारखेच्या आत पुरी व्हावी. एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या घरी दोघा एल्डरांनी, म्हणजे तरुण मिशनऱ्यांनी, आत बसू नये हा नियम नाताळलाही तसाच राहतो, म्हणून वॉर्डमधला एखादा प्रौढ भाऊ बरोबर न्यावा किंवा अंगणात बसूनच बोलावे. भगिनी मिशनऱ्यांनी एकट्या पुरुषाच्या बाबतीत हेच पाळावे.

संध्याकाळी डबे आणि बाटल्यांची झाकणे वाजवत मुले दाराशी गातात आणि 'नामामास्को पो' म्हणतात. त्यांच्यासाठी सुटी नाणी किंवा गोळ्या दाराजवळ ठेवाव्यात. मोठी भेट कोणालाही देऊ नये. मिशनरीच्या मासिक खर्चात ती बसत नाही, आणि एका घराला दिली की दुसरे घर दुखावते. वडीलधारी व्यक्ती भेटली की 'मानो पो' म्हणून तिचा हात आपल्या कपाळाला लावावा. वाकून नमस्कार करायची सवय असलेल्या आपल्या मुलांना हे सहज जमते, आणि त्याने जितकी घरे उघडतात तितकी भाषणाने उघडत नाहीत.

खाणे, पिणे आणि नम्र नकार

'काइन तायो', म्हणजे 'चला जेवू', हे निमंत्रण तिथे वर्षभर ऐकू येते आणि एरवी ते पुष्कळदा शिष्टाचाराचे असते. नाताळात मात्र ते खरेच असते. गरीब घरानेही तुमच्यासाठी काही राखून ठेवलेले असते आणि 'बुसोग पा पो आको', म्हणजे 'माझे पोट भरले आहे', असे म्हणून ताट परत करणे फार लागते. म्हणून दिवसात चार घरे असतील तर चारही ठिकाणी थोडेथोडे खावे, आणि उरलेले बांधून द्यायला सांगावे. बांधून देण्याला 'बालोत' म्हणतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

शाकाहारी घरातून आलेल्यांनी आधीच मनाची तयारी ठेवावी, कारण ताटात डुकराच्या मांसाचा हॅम आणि लेचोन, म्हणजे भाजलेले डुक्कर, हे मुख्य असतात. 'हिंदी पो आको कुमाकाइन नांग कार्ने', म्हणजे 'मी मांस खात नाही', हे वाक्य पाठ करून ठेवावे. तागालोग भाषेत 'हिंदी' म्हणजे 'नाही', हे एकदा डोक्यात बसले की वाक्य विसरत नाही. पान्सित नावाच्या शेवयांतही बहुधा मांस असते, त्यामुळे विचारून घ्यावे. फळांचे सॅलड, भात, लाल मेणाच्या कवचातले केसो दे बोला हे चीज आणि चर्चबाहेर पहाटे विकली जाणारी बिबिंग्का एवढ्यावर भागते. बिबिंग्का म्हणजे केळीच्या पानावर तांदळाच्या पिठाचे मिश्रण घालून खाली-वर निखारे ठेवून भाजलेला केक. त्यात अंडे असते. गोव्याच्या बिबिंकेशी नाव जुळते, पण पदार्थ वेगळा आहे.

ज्ञानवचनाचा, म्हणजे आपल्या चर्चचा खाण्यापिण्याचा, नियम पाळणाऱ्याला चहा, कॉफी आणि मद्य चालत नाही. आले उकळून केलेले सालाबात आणि तसोकोलाते म्हणजे गरम चॉकलेट चालते, आणि दोन्ही नाताळात सगळीकडे मिळतात, म्हणून 'कॉफी नको' म्हणताना लगेच 'सालाबात असेल तर घेईन' असेही म्हणावे, म्हणजे यजमान अवघडत नाही. रस्त्याकडेला पुरुषांचा घोळका एकाच पेल्यातून पीत बसलेला असतो आणि पेला तुमच्यापुढे येतो. छातीवर हात ठेवून 'सालामात पो, हिंदी पो आको उमीइनोम' म्हणावे, एक-दोन जणांची नावे विचारावी आणि पुढे जावे. तिथे उपदेश करत थांबू नये. फ्रूट केकमध्ये रम असू शकते, तेवढे विचारून घ्यावे.

२४ डिसेंबर : तास आखून घ्यावेत

खोलीतले अन्न, पाणी, फोनचा डेटा आणि हातातली रोकड यांची व्यवस्था २२ तारखेपर्यंत करून ठेवावी. नंतर एटीएमपुढे रांगा लागतात आणि कधी यंत्रातले पैसेच संपतात.

सकाळचा अभ्यास नेहमीप्रमाणे करावा. सुटी समजून लोळत पडलेल्या सकाळीच मन पहिल्यांदा घसरते. नऊपासून दुपारपर्यंत यादीतल्या एकट्या माणसांकडे जावे, प्रत्येकाकडे अर्धा तास, आणि एखादे नाताळगीत त्यांच्या भाषेत म्हणावे. दोन गाणी तरी तागालोगमध्ये, किंवा तुमच्या भागात सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन यांपैकी जी भाषा असेल तिच्यात, नोव्हेंबरपासून बसवलेली असावीत. दुपारी तीन ते सहा सभासदांच्या घरांसाठी ठेवावे. फिलिपिनो कुटुंबाचे खरे जेवण, 'नोचे बुएना', मध्यरात्री असते आणि त्या वेळी मिशनरी बाहेर असू शकत नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही एका कुटुंबाला हे दोन आठवडे आधी स्पष्ट सांगितले, तेव्हा त्यांनी आमच्यासाठी दुपारी चार वाजता छोटे नोचे बुएना मांडले. पहिल्या वर्षी आम्ही बोललो नाही, सगळ्यांना वाटले की आम्ही दुसऱ्या कोणाकडे जेवणार, आणि आम्ही डबाबंद मासे खाल्ले. यात दोष कोणाचाच नव्हता, फक्त सांगायचे राहिले होते.

सहाला परत निघावे, कारण सातनंतर ट्रायसिकल आणि जीपनी (लहान प्रवासी गाडी) मिळणे कठीण होते. आता उरते सात ते साडेदहा ही पहिली अवघड वेळ. ती अशी भरावी. पारोल लावावा. अंघोळ करून चांगले कपडे घालावेत, घरातल्या जुन्या कपड्यांत बसू नये. बांधून आणलेले अन्न ताटात नीट वाढून दोघांनी एकत्र जेवावे. आठ वाजता घरच्या पत्रांची पाकिटे उघडावीत, आणि कंपॅनियनला पत्र आले नसेल तर तुम्ही आधीच त्याच्यासाठी एक लिहून ठेवलेले असावे. ही गोष्ट विसरू नका. एकाच खोलीत एकाला दहा पत्रे आणि दुसऱ्याला शून्य, असे मी पाहिले आहे. मग दोघांनी आपापल्या घरचा सण एकमेकांना सांगावा. मी वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत सगळे सांगितले होते आणि माझ्या टोंगन कंपॅनियनने त्याच्या बेटावरचे गाणे म्हटले होते. शेवटी लूकचा दुसरा अध्याय आळीपाळीने मोठ्याने वाचून झोपावे. मध्यरात्री फटाके आणि शेजारच्या हाकांनी जाग येईलच. फाटकावरून कोणी ताट पुढे केले, तर घ्यावे, मनापासून आभार मानावेत आणि पुन्हा झोपावे.

घरचा फोन

२०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत मिशनरीला वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, घरी फोन करता येत असे. आता दर आठवड्याला पी-डेला करता येतो. म्हणून नाताळच्या फोनवर सगळे आयुष्य ओतण्याची गरज उरलेली नाही, आणि तो जितका साधा ठेवाल तितके नंतर सावरणे सोपे जाते. नाताळच्या दिवशीच्या फोनबद्दल तुमच्या मिशनची जी सूचना असेल ती पाळावी.

फिलिपिन्स भारताच्या अडीच तास पुढे आहे. तिथे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा महाराष्ट्रात चार वाजलेले असतात, आणि ही वेळ दोन्हीकडे सोयीची पडते. कंपॅनियन अमेरिकेतल्या युटाचा असेल तर त्याचे घर हिवाळ्यात १५ तास मागे असते. म्हणजे २५ तारखेला सकाळी नऊला त्याने फोन केला, तर त्याच्या घरी २४ ची संध्याकाळ असते. त्याचा फोन सकाळी आणि तुमचा संध्याकाळी असे वाटून घेतले की दिवसाची दोन्ही टोके सांभाळली जातात. एकाचा फोन चालू असताना दुसऱ्याने दिसेल इतक्या अंतरावर, पण ऐकू येणार नाही असे बसावे. २५ तारखेला नेटवर्क तुंबते, म्हणून शक्य असेल तर आधी परवानगी घेऊन चॅपलचे वायफाय वापरावे.

घरच्यांना एक विनंती : आईने रडू आवरायचा प्रयत्न करू नये, पण शेवटचे पाच मिनिटे रोजच्या गोष्टींसाठी ठेवावीत. शेजारच्या मांजरीला पिल्ले झाली, पाण्याची टाकी बदलली, असले काही. फोन ठेवल्यावर तेच कानात राहते.

२५ ची दुपार आणि जड झालेले मन

जेवणानंतर गाव झोपतो. या दोन-तीन तासांत दार ठोठावत फिरू नये. कोणाला त्रास होतो आणि आपल्यालाही प्रत्येक बंद दार लागते. ही वेळ इस्पितळासाठी उत्तम आहे, कारण तिथे कोणी झोपायला घरी गेलेले नसते. परवानगी मात्र आठवडाभर आधी घ्यावी. ते जमले नाही तर डिस्ट्रिक्टमधल्या, म्हणजे आसपासच्या भागांतल्या, इतर मिशनऱ्यांबरोबर चॅपलमध्ये जमावे. तेही शक्य नसेल तर कपडे धुवावेत, आभाराची पत्रे लिहावीत, हातांना काम द्यावे.

थोडे रडू आले तर त्यात कमकुवतपणा नाही. पण झोप उडाली आहे, जेवण जात नाही, प्रार्थनेला बसवत नाही आणि हे दोन आठवडे तसेच चालू आहे, अशी स्थिती असेल, तर 'नाताळ गेला की ठीक होईल' म्हणून थांबू नये. मिशन प्रेसिडेंट किंवा त्यांच्या पत्नी यांना सरळ फोन करावा. मिशनऱ्यांसाठी मानसिक आरोग्याचे सल्लागार असतात आणि त्यांच्यापर्यंत पोचवण्याचे काम तेच करतात. कंपॅनियनची अशी स्थिती दिसली तर त्याच्या वतीने तुम्ही बोलावे. ती चुगली होत नाही.

वादळ आणि ३१ डिसेंबर

फिलिपिन्समध्ये चक्रीवादळे डिसेंबरातही येतात. २०२१ चे ओडेट हे वादळ १६ डिसेंबरलाच सियारगाव बेटावर धडकले होते. त्याआधी नोव्हेंबर २०१३ मधल्या योलांडा वादळानंतर ताक्लोबान मिशनच्या मिशनऱ्यांना मनिलाला हलवावे लागले होते. म्हणून तीन दिवस पुरेल इतके पाणी, कोरडे अन्न, विजेरी आणि जलरोधक पिशवीत पासपोर्टची प्रत ही तयारी सणाच्या सजावटीआधी झालेली असावी. वादळाची सूचना आली तर घरच्यांना एक ओळ कळवून ठेवावी. त्यांना बातम्यांतून फक्त देशाचे नाव कळते, बेटाचे नाही.

३१ डिसेंबरला संध्याकाळीच खोलीवर परतावे. २०१७ च्या आदेशाने फटाके सार्वजनिक आतषबाजीपुरते मर्यादित केले गेले, तरी गल्लीबोळांत ते फुटतातच. खिडक्या बंद ठेवाव्यात, दमा असलेल्याने औषध उशाशी ठेवावे, आणि मध्यरात्री गच्चीवर जाऊ नये. नववर्षासाठी घरोघरी बारा गोल फळे मांडतात. सभासदांकडून एखादे तरी तुमच्या खोलीवर येते.

जानेवारी

३० डिसेंबर आणि १ जानेवारीलाही सुटी असते, त्यामुळे खरे काम पहिल्या आठवड्यानंतर सुरू होते. तेव्हा सर्वात आधी २४ तारखेच्या यादीतल्या माणसांकडे पुन्हा जावे. नाताळला आलेला पाहुणा जानेवारीतही आला तरच तो त्यांच्यासाठी आला होता असे त्यांना वाटते, आणि माझ्या दुसऱ्या वर्षी ज्या आजींनी आम्हाला पहिल्यांदा आत बोलावून ग्रंथाबद्दल विचारले, त्या २४ डिसेंबरला नव्हे, ९ जानेवारीला.

बदली केव्हाही येऊ शकते. म्हणून त्या यादीतली नावे भागाच्या नोंदींत लिहून ठेवावीत, कोणाला काय आवडले तेही लिहावे. पारोलचा कागद फाटला असेल तर काढून टाकावा, पण सांगाडा मोडू नये. तो वर्तमानपत्रात गुंडाळून, कपाटावर ठेवून, वर पुढच्या मिशनऱ्यांसाठी चिठ्ठी लावावी : 'कागद नवा लावा, दिवा चालू आहे, सप्टेंबरात काढा.'